सुतळीतल्या चार गाठी

डिसेंबर लागला की बीडच्या आमच्या घरामागच्या रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर जायला लागतात. एकेका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, आणि वर ऊस इतका रचलेला की वळणावर सगळा डोलारा एका अंगाला कलतो. पाहणाऱ्याचं अंगही नकळत उलट्या बाजूला झुकतं. सकाळी रस्त्यावर पाचट पडलेलं असतं. हवेत गोडसर, किंचित आंबूस गारवा असतो. खिडकी उघडली आणि तो गारवा नाकात गेला की मी हातातला चहा विसरते. मला त्यात दुसराच एक वास येतो, जो इथं मुळीच नसतो. रंध्याखालून नुकत्याच निघालेल्या लाकडाचा.

माझी नववी या दिवसांत गेली. तसं वर्ष जूनमध्ये सुरू झालं आणि एप्रिलात संपलं, पण माझ्या आठवणीत नववी म्हणजे फक्त दिवाळी ते सव्वीस जानेवारी. बाकीचे महिने कुठं गेले कोण जाणे.

शाळा माजलगाव तालुक्यातल्या एका मोठ्या गावात होती, रस्त्याला लागून. आम्ही राहायचो तिथून कोसभर आत, वस्तीवर. दिवाळी झाली की गाव अर्धं रिकामं व्हायचं. माणसं ऊसतोडीला निघून जायची, वर्गातले काही बाक मोकळे पडायचे, आणि हजेरी घेताना सर काही नावांवर न थांबता पुढं जायचे. माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, उसाच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होते. हंगामात दोन-दोन दिवस ते कारखान्याच्या रांगेतच असायचे. घरी आई आणि मी.

त्या वर्षी शिवणकामाच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. कार्यानुभवाच्या तासाला आम्ही मुली काजं करत बसायचो, ते बंद पडलं. हेडसरांनी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी प्रार्थना झाल्यावर सांगून टाकलं की नववीच्या मुलीही मुलांबरोबर सुतारकामाला बसतील. मुलं हसली. आम्ही ओढण्या घट्ट बांधल्या आणि गेलो.

सुतारकाम शिकवायला रशीद मिस्त्री यायचे. साठीचे, उंच, पांढरी दाढी, कानामागं पेन्सिल. माजलगावात त्यांचं फर्निचरचं छोटं दुकान होतं. ते मुलाच्या हवाली करून आठवड्यातून तीन दिवस मिस्त्री एसटीनं आमच्याकडं यायचे. शाळेच्या मागं एक लांबट खोली होती. तिच्या एका भिंतीला मोडके बाक छतापर्यंत रचलेले होते, किती वर्षांचे कुणास ठाऊक. हेच आमचं लाकूड. त्या फळ्यांवर पोरांनी कर्कटकानं नावं कोरलेली होती, बाणांनी टोचलेले बदाम काढलेले होते, एकावर नुसतंच ‘नापास’ असं लिहिलेलं होतं. त्याच वर्षी आमच्या वर्गात नव्यानं आलेल्या बालाजीला त्यात त्याच्या धाकट्या चुलत्याचं नाव सापडलं. ती फळी त्यानं लगेच आपल्याकडं ओढून घेतली.

मला वाटलं होतं, पहिल्या दिवशी करवत हातात मिळेल. मिस्त्रींनी आम्हाला जमिनीवर बसवलं आणि स्वतः एका ठोकळ्यावर बसले.

“खुर्ची-टेबल तर बाजारात मिळतंय,” ते म्हणाले. “तुमी कशाला बनवायचं? असं बनवा जे बाजारात न्हाई. एक माणूस निवडा. एकच. त्या माणसापुरतं बनवा.”

“कसं बनवायचं, सर?” बालाजीनं विचारलं.

“बनवायचं नंतर. आधी बगा. आठ दिवस लाकडाला हात लावायचा न्हाई. माणूस बसतो कसा, उठतो कसा, उठताना हात कुठं टेकतो, ते बगून या. लकडी कुठं पळून जात न्हाई, बेटा.”

ते आठ दिवस मला अजून स्वप्नासारखे आठवतात. गाव तेच होतं, रस्ता तोच होता, पण मला माणसांच्या जागी नुसती बसणी दिसायला लागली. पिठाच्या गिरणीपाशी बायका एक पाय दुमडून, एक उभा करून बसायच्या आणि उभ्या गुडघ्यावर हनुवटी ठेवायच्या. म्हातारी माणसं बसण्याआधी जागेकडं एकदा वळून पाहायची, जणू ती तिथं आहे की नाही याची खात्री करायची. आमचे हेडसर खुर्चीत बसले की आधी दोन्ही हातांनी विजार गुडघ्यापाशी वर ओढायचे. वाणी दुकानात असा बसायचा की त्याला पाय आहेत हे गिऱ्हाइकाला कळूच नये. एरवी ज्यांच्याकडं मी ढुंकून पाहिलं नसतं, त्यांच्या कमरेचं, मानेचं दुखणं मला लांबून दिसू लागलं. पाहण्याची अशी नशा मला पुन्हा कधी आली नाही.

आता एक गोष्ट सांगायला हवी.

आमच्या शाळेत पाचवी ते आठवीच्या मुलांना दुपारी खिचडी मिळायची. ती शिजवणारी बाई म्हणजे माझी आई. आवाराच्या कोपऱ्यात पत्र्याचं शेड होतं, त्यात विटांची चूल, आणि चुलीवर एवढं मोठं पातेलं की मी लहानपणी त्यात सहज मावले असते. पाचवीत पहिल्याच आठवड्यात मी रांगेतून ताट पुढं केलं आणि आईनं मला जरा जास्त वाढलं. मागून कुणीतरी म्हणालं, “हिची आय हाय ना, म्हणून.” फार कुणी हसलं नाही. पण माझे कान तापले. दुसऱ्या दिवशी मी ताट पुढं केलं आणि बाकीची मुलं म्हणायची तसंच म्हणाले, “मावशी, थोडीच घाला.”

आईचा डाव हवेत थांबला. मग तिनं मोजून सगळ्यांइतकीच खिचडी घातली आणि पुढच्या ताटाकडं वळली.

त्यानंतर चार वर्षं शाळेच्या आवारात ती माझी मावशी होती. ती चूल पेटवायला माझ्या तासभर आधी घरून निघायची आणि भांडी घासून माझ्या आधी परत जायची, त्यामुळं येता-जाता आम्ही बरोबर दिसायचो नाही. घरी आली की ती पुन्हा आई व्हायची. याविषयी आम्ही एक शब्दही बोललो नाही. आठवी संपली, माझी खिचडी बंद झाली, मी डबा आणायला लागले, आणि मग तर शेडकडं जायचं कारणच उरलं नाही.

आठ दिवस संपल्यावर मिस्त्रींनी एकेकाला उभं केलं. बालाजी म्हणाला, तो बहिणीसाठी टेबल करणार. ती बारावीला होती आणि त्यांच्या घरातली जमीन इतकी उतरती होती की पेन्सिल ठेवली तर दारापर्यंत घरंगळत जायची. आफरीन माझी मैत्रीण. तिचे अब्बा दिंद्रुडला हातगाड्यावर फळं विकायचे आणि सकाळपासून दिवस मावळेपर्यंत उभे असायचे. तिला गाड्याला अडकवता येईल, नको तेव्हा काढून ठेवता येईल, असं बसायचं करायचं होतं.

“तू, सारिका?”

मी हेडसरांचं नाव सांगायचं ठरवून आले होते. तोंडातून निघालं, “खिचडीच्या मावशींसाठी.”

“अच्छा,” मिस्त्री म्हणाले. त्यांना काहीच माहीत नव्हतं. “मग जा, विचारून ये कुठं दुखतं ते. तुमी दोघंबी जा हिच्यासंगं. विचारायचं कसं ते शिका.”

तर असे आम्ही तिघं शेडमध्ये गेलो. आई चुलीपुढं उकिडवी बसून तांदूळ हलवत होती. आम्हाला पाहून तिनं पदर सारखा केला.

“मावशी,” आफरीन म्हणाली, “तुमच्यासाठी बसायचं बनवायचं हाय. ही बनवणार हाय. विचार की गं.”

मी वहीत पाहिलं. वहीत काही नव्हतं.

“मावशी,” मी म्हणाले, “तुमचं कुठं दुखतं?”

आईनं माझ्याकडं पाहिलं. मग शांतपणे, एखाद्या परक्या मुलीला सांगावं तसं सांगितलं, “दुखतं की, बाई. डावा गुडघा. मागल्या उन्हाळ्यात हिरीपाशी हांडा घेऊन पडले, तवापासून. बसलं की उठवत न्हाई, उठलं की बसवत न्हाई.”

आई विहिरीपाशी पडली होती हे मला तेव्हा कळलं. मी वहीत ‘डावा गुडघा’ असं लिहिलं. अक्षर वाकडं आलं.

“घरी न्हाई सांगितलं?” बालाजीनं विचारलं.

“कुणाला सांगू? मालक कारखान्यावर. एक पोरगी हाय, तिचा अभ्यास असतो.”

“केवढी हाय पोरगी?”

“हाय की. हिच्याएवढी.” आईनं हातातल्या डावानं माझ्याकडं दाखवलं.

“मग आपल्याच शाळेत कावून न्हाई घातली?” बालाजी म्हणाला.

आई वाकली, फुंकणीनं चूल फुंकली. धूर एवढा झाला की आम्ही तिघंही डोळे चोळत मागं सरलो. धुरातून तिचा आवाज आला, “तिची शाळा लांब हाय, बाबा. लई लांब.”

त्या संध्याकाळी घरी ती भाकरी थापत होती आणि मी समोर बसले होते. दोघींनाही बोलता आलं असतं. तव्यावर भाकरी फुगली, तिनं ती माझ्या ताटात टाकली आणि म्हणाली, “गरम हाय तवर खा.”

पुढचे काही दिवस मी मधल्या सुट्टीत चिंचेच्या झाडाआडून शेडकडं पाहत राहिले. मिस्त्री म्हणाले होते, उठताना हात कुठं टेकतो ते बघा. आई उठताना डाव बाजूला ठेवायची, डावा हात मांडीवर दाबायची आणि उजवा हात चुलीच्या कडेच्या विटेवर टेकवायची. वीट तापलेली असायची. ती हात टेकवून लगेच उचलायची, पण तेवढ्या एका क्षणाच्या जोरावर तिचं सगळं अंग उभं राहायचं. तिच्या उजव्या तळव्याच्या कडेला कायम एक काळसर चट्टा असायचा. मी तो जन्मापासून पाहत आले होते, असं मला वाटायचं. तो कशानं पडला हे मला चिंचेच्या झाडाआड उभं राहून कळलं.

मिस्त्रींना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी स्वतःचा उजवा हात बाजूला टेकवून पाहिला. मग म्हणाले, “मूठ पायजे. उजव्या अंगाला. विटेच्या उंचीवर.” आणि मापं आणायला सांगितलं. इंचपट्टी त्यांना आवडायची नाही. “आकडा विसरतो माणूस. सुतळी घे, गाठी मार. गाठ खोटं बोलत न्हाई.”

पण माप घ्यायचं कसं? रविवारी दुपारी आई अंगणात भिंतीला टेकून, पाय लांब सोडून उन्हात बसली होती. थंडीतलं ऊन, मऊ, ज्वारीच्या हिरव्या वासाचं. तुरीच्या शेंगा सोलता सोलता तिचा डोळा लागला. सूप मांडीवरून कलंडलं होतं, चार दाणे लुगड्याच्या घोळात पडले होते. मी सुतळी घेऊन तिच्याजवळ सरकले. टाचेपासून गुडघ्यापर्यंत, एक गाठ. गुडघ्यापासून कमरेपर्यंत, दुसरी. जमिनीपासून कोपरापर्यंत, तिसरी. चौथी मुठीची होती. ती घेताना मी थांबले, कारण तिचा हात उघडा, आकाशाकडं तळवा करून पडला होता आणि सुतळी त्या चट्ट्यावरून न्यावी लागत होती. तिच्या पावलांच्या भेगांत चुलीची राख बसलेली होती. इतक्या जवळून, इतका वेळ मी आईला कधी पाहिलं नव्हतं. लहान मूल आईला पाहत असेल, पण त्याला ते आठवत नाही. एक मुंगी तिच्या करंगळीवर चढली, मी फुंकर मारून ती उडवली. लांब रस्त्यावरून ट्रॅक्टर चालला होता, त्याच्या टेपवर गाणं लागलं होतं, आणि ते गाणं शेतावरून येता येता इतकं पातळ झालं होतं की त्यातले शब्द गळून नुसता सूर आमच्यापर्यंत पोचत होता.

मग लाकूड सुरू झालं. बाकाची फळी मी रंध्यानं साफ केली. वरची नावं, बदाम, सगळं पातळ गुंडाळ्या होऊन खाली पडलं. मी फळी उलटी करून दुसरी बाजूही घासायला घेतली तशी मिस्त्रींनी हात धरला. “खालची राहू दे. बसणाऱ्याला टोचत न्हाई ती.” आणि म्हणून त्या बैठकीच्या पोटाखाली अनोळखी पोरांची नावं तशीच राहिली.

मला वीतभर उंचीची, पुढं-मागं झुलणारी बैठक करायची होती. पातेलं हलवायला पुढं वाकलं की तिनंही पुढं यावं, थांबलं की मागं न्यावं. खाली पाळण्यासारख्या दोन वाकड्या पट्ट्या, उजवीकडं बाभळीची मूठ. पहिली झाली तेव्हा मिस्त्री म्हणाले, “आधी मी बसतो. पडलो तर म्हातारा पडंल.” ते बसले, डाव हलवल्यासारखा हात फिरवला, आणि पट्ट्यांची गोलाई एवढी जास्त झाली होती की बैठकीनं त्यांना सरळ मागच्या भुशात उताणं टाकलं. सगळे धावले. ते तिथंच पडून पोट धरून हसत होते, दाढीत भुसा. “ही बैठक न्हाई, घोडं हाय घोडं!” मग उठून माझ्याजवळ बसले आणि पट्टीचा मागचा अर्धा भाग मला पुन्हा सपाट करायला लावला. आठवडा गेला. माझ्या हाताला फोड आले, फुटले, तिथली कातडी घट्ट झाली. पॉलिश पेपरनं मूठ घासताना मी डोळे मिटून घ्यायची आणि सुतळीवरची चौथी गाठ बोटांनी चाचपायची.

आई त्या दिवसांत एकदाही विचारायला आली नाही. फक्त घरी माझे हात पाहून तिनं खोबरेल तेलाची बाटली माझ्या दप्तराजवळ ठेवली.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर आमच्या वस्तू मैदानात मांडल्या. प्रत्येकीसमोर पुठ्ठा, त्यावर कुणासाठी ते लिहिलेलं. सकाळचं ऊन त्या जुन्या लाकडावर पडलं होतं आणि मोडक्या बाकांचं हे असं काही होऊ शकतं यावर माझा स्वतःचाच विश्वास बसत नव्हता. आफरीनचे अब्बा दिंद्रुडहून गाडाच घेऊन आले होते, पेरू आणि बोरांनी भरलेला. आवारात गाडा पाहून हेडसर जरा चिडले. पण गाड्याशिवाय बसायचं अडकवणार कशाला? अब्बांनी ते अडकवलं, त्यावर बसले, आणि बसल्या बसल्या हेडसरांना एक पेरू कापून, मीठ लावून दिला. हेडसरांनी तो खाल्ला.

तालुक्याहून एक साहेब पाहुणे म्हणून आले होते. बालाजीच्या टेबलापाशी ते थांबले. त्याचे चारही पाय कमी-जास्त लांबीचे होते.

“हे वाकडं झालंय रे,” साहेब म्हणाले.

“न्हाई साहेब,” बालाजी म्हणाला, “आमचं घर वाकडं हाय.” त्यानं खिशातून पेन्सिल काढली, दोन पायांखाली विटा सरकवून घरासारखा उतार केला आणि पेन्सिल टेबलावर ठेवली. ती हलली नाही. साहेब हसायला लागले, मग त्यांनी स्वतः खाली बसून टेबलाचे पाय पाहिले.

मग ते माझ्याकडं आले. पुठ्ठ्यावर लिहिलं होतं, खिचडीच्या मावशींसाठी.

“कुठं आहेत मावशी? बोलवा की त्यांना.”

कुणीतरी धावत शेडकडं गेलं. आई आली. पदरानं हात पुसत, घाईनं, काही चुकलं की काय अशा चेहऱ्यानं. तिला बैठक दाखवली. तिनं ती पाहिली, मूठ पाहिली, आणि मुठीवरून तिची नजर स्वतःच्या उजव्या हाताकडं गेली.

“बसा मावशी,” हेडसर म्हणाले.

“नको साहेब. हात ओले हायत माझे. लाकडाला डाग पडंल.”

“अहो, तुमच्यासाठीच केलंय.”

ती बसेना. लोक गोळा झाले होते. तिनं माझ्याकडं पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता, गाऱ्हाणं नव्हतं. ती फक्त विचारत होती, बसू का? चार वर्षं ती मला असंच विचारत आली असावी, आणि मी ताट पुढं करून दुसरीकडं पाहत आले होते.

मी काही ठरवलं नव्हतं. “आई, बस गं,” मी म्हणाले. “डाग पडला तर पडू दे.”

बालाजीनं तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. साहेबांना यात काही वेगळं झालं हे कळलंही नाही. मिस्त्रींना कळलं. त्यांनी कानामागची पेन्सिल काढून माझ्या हातात दिली आणि पुठ्ठ्याकडं पाहिलं.

मी खाली वाकून एक ओळ खोडत होते, दुसरी लिहीत होते, तेव्हा आई बसली. तिनं उजवा हात मुठीवर ठेवला. हात आपोआप तिथं गेला. बैठक जराशी पुढं आली, मागं गेली. तिनं मोकळ्या हातानं हवेतच एकदा डाव फिरवल्यासारखं केलं आणि क्षणभर डोळे मिटले. मग एकदम उठली. वीट नाही, चटका नाही, नुसती उठली. तिला स्वतःलाच त्याचं इतकं नवल वाटलं की ती पुन्हा बसली आणि पुन्हा उठली. लोक हसले, तीही हसली.

“मला ठाऊक होतं,” नंतर आफरीन बोरं खाता खाता म्हणाली. “पाचवीपासून.”

“मग बोलली कावून न्हाईस?”

“तू न्हाई बोललीस म्हणून.”

त्या दिवशी आई आणि मी पहिल्यांदा शाळेतून बरोबर घरी निघालो. रस्त्याच्या कडेनं, उसाच्या ट्रॅक्टरांना वाट देत. मी माफी मागायचे शब्द जुळवत होते. ते जुळत नव्हते. वस्तीचा फाटा आला तेव्हा तीच बोलली.

“त्या दिवशी झोपले न्हवते मी.”

“कोणत्या दिवशी?”

“सुतळी घेऊन आलतीस तवा. जागीच होते.”

मी थांबले. ती चालत राहिली.

“मग हालली का न्हाईस?”

“हालले असते तर उठून गेली असतीस,” ती म्हणाली. “बऱ्याच दिसांनी जवळ बसली होतीस.”

मी रडले, ते तिनं पाहिलं नाही, किंवा पाहिलं आणि चालत राहिली. उसाच्या ट्रॉलीतून एक कांडं खाली पडलं. तिनं ते उचललं, गुडघ्यावर मोडायला गेली, मग तिला आपला गुडघा आठवला आणि तिनं ते माझ्या हातात दिलं. मी मोडलं. अर्धं तिला, अर्धं मला.

सोमवारपासून मी मधल्या सुट्टीत डबा घेऊन शेडमध्ये जाऊ लागले. पोरांना वाढून झालं की आम्ही दोघी जेवायचो. काही विशेष बोलायचो असं नाही.

पुढं शाळेत गॅस आला, ओटा झाला, उभ्यानं स्वयंपाक सुरू झाला आणि बैठक घरी आली. मिस्त्री आणखी दोन वर्षं आले, मग त्यांचे डोळे अधू झाले. आफरीन लग्न होऊन माजलगावात राहते. बालाजी आता घरं बांधायची कंत्राटं घेतो. त्यानं बांधलेल्या घरात पेन्सिल ठेवून पाहावी असं माझ्या मनात येतं. मी नोकरीला लागले आणि बीडला आले. आई-दादा वस्तीवरच राहिले.

मी बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत काम करते. काचेआड बसून दिवसभर माइकवरून गाड्या सांगायच्या. परवा संध्याकाळी खिडकीपुढची गर्दी जरा ओसरली आणि समोरच्या बाकावर मला आई दिसली. मांडीवर पिशवी, पाय जमिनीला पोचत नव्हते म्हणून एकावर एक टाकलेले. मी बाहेर धावले.

“कवा आलीस?”

“दुपारच्या गाडीनं.”

“दुपारपासून बसलीस? मला हाक तर मारायची!”

“काम करत होतीस की.” तिनं पिशवीतून हुरड्याची पुरचुंडी काढून माझ्या हातात दिली. मग माझ्या खांद्याकडं पाहत राहिली, मिस्त्री लाकडाकडं पाहायचे तशी, एक डोळा किंचित बारीक करून. “त्या माइकात बोलताना तू डावीकडं वाकतीस. दर वेळी. मान दुखत असंल तुझी.”

दुखते. वर्षभर दुखते आहे. मी कुणाला सांगितलेलं नाही.

पावणेसहाची माजलगाव गाडी फलाटाला लागत होती, तिची घोषणा करायची होती. मी आत जाऊन बसले आणि माइक पहिल्यांदाच ओढून सरळ तोंडासमोर घेतला. बोलले तसा स्थानकभर आवाज घुमला. आई काचेकडं पाहत नव्हती. आवाज जिथून येत होता त्या वरच्या भोंग्याकडं मान वर करून पाहत होती. माझ्या त्या दोन वाक्यांनी बाकांवरची माणसं भराभर उठली, पिशव्या उचलून फलाटाकडं पळाली. सगळा बाक रिकामा झाला, आणि मधोमध ती एकटी, निवांत, बसून राहिली.